हेवनली अबोड, नवी पेठ, पुणे ३०

मागच्या आठवड्यात सकाळी सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला. सी विंगमधल्या काकूंचे नागपूरचे मोठे भाऊ गेले, वय ९१, आणि शब्द असे की अमुक अमुक 'हॅज लेफ्ट फॉर हेवनली अबोड'. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. आमच्या अण्णांना (सासरे) ग्रुपवरचं सगळं मीच वाचून दाखवते, कारण त्यांचा चष्मा कायम दुसऱ्या खोलीत असतो. ऐकून म्हणाले, "गेले म्हणावं की सरळ. आणि हे अबोड म्हणजे काय गं?" म्हटलं राहायची जागा, निवासस्थान. "म्हणजे वैकुंठ. मग तसं लिहावं ना, पुण्यात शेंबड्या पोराला पण कळतं."

बाहेरगावच्यांसाठी सांगते, पुण्यात वैकुंठ ही कल्पना नाही, पत्ता आहे. नवी पेठेतली स्मशानभूमी. त्यामुळे 'सकाळी वैकुंठात होतो' असं पुणेकर अगदी सहज म्हणतो, घरी येऊन आंघोळ करतो, चहा पितो आणि ऑफिसला जातो. माझी एक दिल्लीची मैत्रीण पहिल्यांदा पुण्यात आली तेव्हा तिने बसवर इंग्रजीत लिहिलेलं स्वारगेट 'स्वर्ग-गेट' असं वाचलं, स्वर्गाचं दार म्हणजे काहीतरी बघण्यासारखं असणार म्हणून उत्साहाने उतरली आणि समोर एसटी स्टँड. तिला सांगितलं बाई, स्वार म्हणजे घोडेस्वार, तिथे त्यांची चौकी होती म्हणतात. तिचं म्हणणं, तरी पण तुमच्याकडे स्वर्गाच्या दारापासून वैकुंठापर्यंत रिक्षा मिळते हे भारीच आहे. मिळते, पण मीटरने येईल का ते माहीत नाही.

तर ते अबोड माझ्या डोक्यात बसलं. मी घरून भाषांतराची कामं करते, बहुतेक औषधांची पत्रकं नाहीतर मिक्सरची मॅन्युअल्स, त्यामुळे एखादा शब्द अडला की काम बाजूला ठेवून डिक्शनऱ्या उघडून बसायला मला निमित्तच हवं असतं. 'अबोड' निघाला 'अबाइड'मधून आणि अबाइड म्हणजे मुळात थांबणं, वाट बघणं. म्हणजे अबोड ही आधी वाट बघण्याची क्रिया होती, राहती जागा वगैरे अर्थ नंतर आला. हेवनली अबोड म्हणजे थोडक्यात वेटिंग रूम. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "तिथेही टोकन घ्यायचं का?"

मग हेवन. इथे एक गंमत आहे, खूप जुन्या इंग्रजीत वर दिसणाऱ्या निळ्या आभाळाला पण हेवनच म्हणायचे आणि देव राहतो त्या जागेला पण हेवनच. 'स्काय' हा शब्द नंतर आला, उत्तरेकडून, ते व्हायकिंग लोक इंग्लंडवर चालून आले आणि पुढे तिथेच शेती करून राहिले त्यांच्या भाषेतून, आणि त्यांच्याकडे 'स्की' म्हणजे ढग. ढगाचा शब्द हळूहळू अख्ख्या आकाशाला चिकटला, हेवन वरच्या मजल्यावर सरकलं आणि तिथेच राहिलं.

आता हे वाचल्यावर मला माझी आजी आठवली. पावसाळ्यात गच्चीत वाळवण असलं की ती खालून ओरडायची, "अगं आभाळ आलंय, गोळा करा!" लहानपणी मला प्रश्न पडायचा की आभाळ आलंय म्हणजे काय, ते तर होतंच ना. पण आभाळ आलं संस्कृत 'अभ्र'वरून, अभ्र म्हणजे ढग. आजी बरोब्बर बोलत होती, ढग आलेत. म्हणजे त्या दाढीवाल्या व्हायकिंगांनी आणि आमच्या आजीने एकच काम केलं, ढगाच्या शब्दाने सगळं आकाश झाकून टाकलं. नभ पण तसंच, ग्रीक आणि लॅटिनमधले त्याचे भाऊबंद ढग आणि धुकंच दाखवतात, आणि आकाशातल्या धुरकट ढगाला आपण तेजोमेघ म्हणतो आणि इंग्रजीत 'नेब्युला' म्हणतात तो त्याच घरातला. फरक इतकाच की आजीचं आभाळ अजून दोन्ही अर्थाने चालतं. आभाळ आलंय म्हणजे ढग आणि आभाळ निरभ्र आहे म्हणजे आकाश, आणि निरभ्रमध्ये पुन्हा तेच अभ्र लपलेलं.

इंग्रजीत एकाच शब्दात दोन्ही बसायचं म्हणून बायबल मराठीत आणणाऱ्यांची पंचाईत झाली असणार, कारण मराठीत निवडावं लागतं. पहिल्याच ओळीत देवाने निर्माण केलं ते 'आकाश व पृथ्वी', पण ख्रिस्ती प्रार्थनेतला बाप मात्र 'स्वर्गातील'. मूळ हिब्रू आणि ग्रीकमध्ये पण आकाश आणि स्वर्ग एकाच शब्दात राहायचे. इथे जवळच केडगावला पंडिता रमाबाई त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं बायबल मुळातून मराठीत आणलं, त्या १९२२ साली गेल्या आणि ते छापून आलं १९२४ साली. एका बाईने एकटीने, ते पण सोप्या मराठीत, हे मला मिक्सरच्या मॅन्युअलशी झगडताना नेहमी आठवतं आणि जरा लाज वाटते.

आणि त्याच्याही ३०० वर्षं आधी एक इंग्रज गोव्यात येऊन बसला होता, फादर थॉमस स्टीफन्स, १५७९ साली आला तो परत गेलाच नाही. त्याने मराठीत ओव्या लिहून ख्रिस्ताची कथा सांगितली, ते क्रिस्तपुराण १६१६ साली छापलं. या गृहस्थाच्या मातृभाषेत हेवन होतं, लॅटिन येत होतं, पण मराठी माणसाला सांगायची वेळ आली तेव्हा त्याने शब्द घेतला वैकुंठ. म्हणजे अण्णांचं म्हणणं ४०० वर्षांपूर्वी एका इंग्रजाने मान्य केलेलं आहे, हे मी अण्णांना अजून सांगितलेलं नाही, नाहीतर आठवडाभर ऐकावं लागेल.

बाय द वे, 'हेवन हे हवनवरून आलं' असा एक फॉरवर्ड फिरतो. नाही आलं. तसंच गॉड म्हणजे जनरेटर, ऑपरेटर, डिस्ट्रॉयर हे पण नाही, प्लीज. त्या फॉरवर्डवाल्यांची मला दया येते कारण खरी नाती त्यांच्या बनावट नात्यांपेक्षा कितीतरी मजेशीर आहेत, फक्त ती नुसतं कानाला सारखं वाटलं म्हणून जमत नाहीत.

उदाहरणार्थ गॉडच घ्या. हा शब्द जर्मन घराण्यातला, आणि त्याच्या मुळाशी बहुतेक अभ्यासक जे धरतात ते म्हणजे 'ज्याला हाक मारली जाते तो', नाहीतर दुसरं मत, 'ज्याला आहुती ओतली जाते तो'. आणि दोन्ही बाबतीत संस्कृतमधला सोबती शब्द आहे, आहूत म्हणजे बोलावलेला आणि हुत म्हणजे ओतलेलं, होम आणि हवन यातूनच. म्हणजे हवनाचं नातं लागलं, पण हेवनशी नाही, गॉडशी! आता ह आणि ग कुठे जुळतात असं वाटेल, तर हंस बघा, इंग्रजीत 'गूज'. आपला ह तिकडे ग होतो, हे एकदा नाही, पुन्हा पुन्हा होतं, म्हणून विश्वास ठेवायचा. ऋग्वेदात इंद्राला पुरुहूत म्हटलंय, पुष्कळांनी हाक मारलेला. गॉड तेवढाच, फक्त 'पुष्कळ' कापलेला. आणि अजून एक, हा शब्द ख्रिस्ती व्हायच्या आधी नपुंसकलिंगी होता, 'ते गॉड'. नंतर 'तो' झाला.

पॅराडाइजवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. मूळ शब्द इराणचा, अवेस्तात (पारश्यांचा जुना धर्मग्रंथ) 'पइरि-दएझ', पइरि म्हणजे आपला परि, सभोवार, आणि दएझ म्हणजे मातीची भिंत. थोडक्यात कंपाउंड वॉल. भिंतीतली बाग. इराणच्या राजांच्या असल्या बागा आणि शिकारखाने बघून झेनोफन नावाच्या ग्रीकाने तो शब्द ग्रीकमध्ये नेला, बायबलचं ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनी एदेनच्या बागेला तोच लावला, आणि मग लॅटिन, फ्रेंच करत इंग्रजीत. हाच शब्द अरबीत गेला तो फिरदौस. म्हणजे हिंजवडीकडे जे टॉवर उभे राहतात, नावात पॅराडाइज आणि भोवती बारा फुटी भिंत आणि गेटवर वॉचमन रजिस्टर घेऊन, ते बिल्डर लोक व्युत्पत्तीच्या दृष्टीने शंभर टक्के बरोबर आहेत. बाग नसली तरी भिंत असते, आणि मूळ शब्दात भिंतच आहे.

पण खरी मजा त्या 'दएझ'मध्ये. त्याचा धातू संस्कृतमध्ये दिह्, म्हणजे लिंपणं, थापणं, मातीला आकार देणं. त्यातून आला देह. आकार दिलेला, लिंपलेला असा. आणि इंग्रजीत त्याच मुळातून आला 'डो', पिझ्झाचा असतो तो, मळलेली कणीक. इथपर्यंत मी खुश होते, मग कळलं 'लेडी' पण त्यातच. जुना शब्द होता साधारण 'हलाफ-डिगे', हलाफ म्हणजे पाव, भाकरी (आत्ताचा 'लोफ') आणि डिगे म्हणजे मळणारी. लेडी म्हणजे कणीक मळणारी. आणि 'लॉर्ड' म्हणजे हलाफ-वेअर्ड, भाकरी राखणारा. मी हे वाचलं तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते आणि मी पोळ्यांची कणीक मळायला उठतच होते, आणि बाहेरच्या खोलीत आमचे लॉर्ड टीव्हीवर मॅच बघत 'जेवायला काय आहे' विचारत होते. भाकरी राखतायत म्हणे. 'अवर लेडी' म्हणून चर्चमध्ये ज्या मेरीला नमस्कार करतात तिच्या उपाधीला पण कणीक लागलेली आहे, हे मला फार आवडलं, कारण नाहीतर या शब्दांना आपण उगाच संगमरवरी समजतो.

'होली'चं पण तसंच काहीसं. होली, 'होल' म्हणजे अख्खं, 'हील' म्हणजे बरं होणं, 'हेल्थ', सगळी एका घरातली पोरं. जे अभंग आहे, धड आहे, ते होली. (अभंग. तुकोबांचे अभंग होली आहेत असं म्हटलं तर कोटी होईल पण खोटी होणार नाही.) 'हॉलिडे' म्हणजे पवित्र दिवस, एवढं शाळेत सांगतात. आपला पवित्र मात्र वेगळ्या वाटेने आलाय. पू म्हणजे शुद्ध करणं, त्याचं साधन ते पवित्र, आणि ऋग्वेदात पवित्र म्हणजे सोम गाळायची लोकरीची गाळणी. गाळणी! श्राद्धाला बोटात दर्भाची अंगठी घालतात तिलाही पवित्रच म्हणतात, गुरुजी 'पवित्र घाला' म्हणतात तेव्हा आपल्याला वाटतं काहीतरी मंत्र आहे. आणि या पू चा लॅटिनमधला नातेवाईक फिरून इंग्रजीत आला तो 'प्युअर'. म्हणजे रस्त्यावर दर शंभर पावलांवर जी 'प्युअर व्हेज'ची पाटी दिसते ती सोमरसाच्या गाळणीशी नातं सांगते, हे मालकांना कळलं तर तेवढ्यावर थाळीचे वीस रुपये वाढवतील.

'सेक्रेड'चा स्वभाव जरा भीतीदायक आहे. लॅटिन 'साकेर' म्हणजे देवासाठी वेगळं काढलेलं, पण त्यातच शापित असा पण अर्थ, हात लावायचा नाही, दोन्ही कारणांनी. आपल्याकडे ज्याच्या घरी कडक सोवळं पाळलं गेलंय त्याला हे समजावून सांगायला लागत नाही, आमच्या पणजीबाई सोवळ्यात असल्या की शिवायचं नाही आणि विटाळ असला तरी शिवायचं नाही, पोरांना एवढंच कळायचं की लांब राहा. गेल्या वर्षी अण्णा बाथरूममध्ये घसरले तेव्हा एक्सरेच्या रिपोर्टात 'सॅक्रम' असा शब्द होता, माकडहाडाच्या वरचं तिकोनी हाड. त्याचं नाव पण त्याच साकेरवरून, ग्रीकांनी त्याला पवित्र हाड म्हटलं, लॅटिनमध्ये त्याचं भाषांतर झालं आणि डॉक्टर लोक अजून तेच वापरतात. नशिबाने फ्रॅक्चर नव्हतं. अण्णा म्हणाले माझ्यात पवित्र असं एवढंच निघालं, आणि त्यावरच आपटलो.

'ब्लेस' ऐकायला किती मऊ शब्द, कोणी शिंकलं की म्हणतात. तो आला 'ब्लड'वरून. ख्रिस्ती व्हायच्या आधी इंग्रज मंडळी बळीच्या रक्ताने शिंपडून वस्तू किंवा जागा देवाच्या नावे करायची, ते ब्लेसिंग. नंतर पाद्र्यांना लॅटिनमधल्या 'चांगलं बोलणं' या अर्थाच्या शब्दाला काहीतरी प्रतिशब्द हवा होता तर हाच हाताशी होता. आता गॉड ब्लेस यू.

बरं, आता पुण्याकडे येते, कारण आकाश सगळ्यात जास्त आपल्याच गावात सांडलेलं आहे. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार, सातही वारांच्या पेठा आहेत इथे (गुरुवार पेठ आधी वेताळ पेठ होती). म्हणजे चंद्रावरून मंगळावर जायला पुण्यात दहा मिनिटं लागतात, ट्रॅफिक नसेल तर. आणि इंग्रजी वार घेऊन बसलं तर ग्रह तेच. सन, मून आणि सॅटर्न तर उघडच आहेत. बाकीच्या चार ठिकाणी रोमन ग्रहदेव होते ते काढून जर्मन लोकांनी आपापले देव बसवले, मंगळाच्या जागी टीव, बुधाच्या जागी वोडन, गुरूच्या जागी थॉर, शुक्राच्या जागी फ्रिग. शनीच्या वाटेला तेही गेले नाहीत, तिथे सॅटर्न तसाच ठेवला, हे बघून मला वाटलं की साडेसातीची भीती सगळीकडे सारखीच. (शनिवारवाडा म्हणजे सॅटर्डे पॅलेस असं माझा लेक म्हणतो. चालेल.)

आणि वारांचा हा क्रम असाच का, याला पण कारण आहे. जुन्या ज्योतिषात पृथ्वी मध्यभागी, आणि लांबून जवळ असा क्रम शनि, गुरु, मंगळ, रवि, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाचे २४ तास, प्रत्येक तासाला एक ग्रह पाळीपाळीने, आणि पहिल्या तासाचा जो मालक त्याच्या नावाचा दिवस. २४ ला ७ ने भागलं की ३ उरतात, म्हणून शनिवारपासून तीन घरं पुढे मोजलं की रवि, तिथून तीन पुढे चंद्र, मग मंगळ. मोजून बघा, बरोब्बर येतं, मी भाजी निवडता निवडता बोटांवर मोजलं. या तासाला आपल्या ज्योतिषात होरा म्हणतात आणि तो शब्द ग्रीकांकडून आलेला, इंग्रजीतला 'अवर' पण तिथलाच. म्हणजे पंचांगातला होरा आणि पार्किंगच्या पावतीवरचा पर अवर हे सख्खे.

त्या टीवकडे जरा परत, कारण ट्यूजडेमध्ये जो टीव आहे तो म्हणजे आपला देव. शब्दशः. आपला द तिकडे ट होतो, दोनचं टू, दहाचं टेन, दाताचं टूथ, तसं देवचं टीव. लॅटिनकडून आलेले 'डिव्हाइन' आणि 'डीइटी' पण त्याच कुळातले, सगळ्यांच्या मागे प्रकाशणाऱ्या आकाशाचा अर्थ. ऋग्वेदातला द्यौष्पिता, ग्रीकांचा झ्यूस आणि रोमनांचा ज्युपिटर हे तर एकाच नावाचे तीन उच्चार आहेत. पण 'डेव्हिल' यात नाही! तो ग्रीक 'दिआबोलोस', चहाडी करणारा, निंदा करणारा. इथे फसायला होतं, त्यात इराणी लोकांकडे खरंच देव म्हणजे राक्षस आणि अहुर म्हणजे देव, आपल्या उलटं, त्यामुळे डेव्हिल तिकडचाच असणार असं वाटतं, पण नाही.

उत्साहाचं जे इंग्रजी, 'एन्थुझिअॅझम', त्याच्या मुळाशी ग्रीक 'एन' म्हणजे आत आणि 'थेओस' म्हणजे देव. आत देव. म्हणजे सरळ मराठीत, अंगात येणं. नवरात्रात चतुःशृंगीच्या गर्दीत एखादीच्या अंगात येतं, केस मोकळे, लोक बाजूला होतात, कोणीतरी हळदीकुंकू लावतं, ते एन्थुझिअॅझम. इंग्रजांकडे पण आधी हा शब्द शिवीसारखाच होता, धर्माने डोकं फिरलेला माणूस. नंतर तो माणसाळला. आता एचआरवाले दर अप्रेझलला म्हणतात की तुमच्यात एन्थुझिअॅझम कमी दिसतो, माझ्या नवऱ्याला म्हटलं पुढच्या वेळी घुमून दाखव मीटिंगमध्ये. 'गिडी', म्हणजे चक्कर येणारा, हा पण मुळात तेच, देवाने झपाटलेला, आणि त्यात तर गॉड शब्दच बसलेला आहे.

'सिली'ची गोष्ट मला वाईट वाटते दरवेळी. आधी अर्थ होता धन्य, देवाची कृपा असलेला. मग निष्पाप. मग बिचारा. मग बावळट. पायऱ्या दिसतात बघा, आपल्याकडे पण एखाद्याला 'देवमाणूस आहे' म्हणतात आणि दोन वाक्यांनंतर 'त्याला कोणीही फसवतं' असं येतंच. संस्कृतमध्ये तर याहून भारी घडलं. सम्राट अशोक शिलालेखांत स्वतःला 'देवानांप्रिय' म्हणवतो, देवांचा लाडका, आणि नंतरच्या व्याकरणकारांनी त्याचा अर्थ दिलाय मूर्ख. अण्णांनी यावर बराच वेळ विचार केला आणि मग म्हणाले, "म्हणजे तुझी सासू मला भोळा सांब म्हणायची ते कौतुक नव्हतं." मी विषय बदलला.

विषय बदलून मी 'फॅन'वर गेले, कारण मॅच चालूच होती. फॅन हा 'फॅनॅटिक'चा तुकडा आणि त्यात लॅटिन 'फानुम' म्हणजे देऊळ, देवळात वेडापिसा होणारा. आणि त्याच देवळाच्या बाहेर, पुढ्यात, जे आहे ते 'प्रोफेन', अपवित्र. म्हणजे आपल्या चपला. पोपला 'पॉन्टिफ' म्हणतात त्यात लॅटिनमधला पूल आहे आणि बांधणारा आहे, पूल बांधणारा, आणि त्या पुलाचा आपला नातेवाईक म्हणजे पंथ, वाट. लाकूड नसलेल्या लकडी पुलावर रोज अर्धा तास अडकणाऱ्या माणसाने यावर जास्त बोलू नये.

दोन शब्दांनी मात्र मला खरंच थांबवलं. 'क्रीड' किंवा क्रेडो, मी विश्वास ठेवतो, हा आणि आपला श्रद्धा हा एकच जोडशब्द आहे, दोन्हीकडे तोच सांगाडा, हृदय अमुक ठिकाणी ठेवणं. त्यातूनच 'क्रेडिट'. म्हणजे बँकेतून जो रोज फोन येतो, मॅडम तुमची क्रेडिट लिमिट वाढवायची का, तो माणूस विचारतोय मॅडम तुमची श्रद्धा वाढवायची का. आणि 'बिलीव्ह', विश्वास ठेवणं, यात 'लव्ह' आहे, आणि त्या लव्हचा संस्कृतमधला भाऊ आहे लोभ. आपल्याकडे लोभ म्हटलं की हावरटपणा, षड्रिपूंतला एक. पण माझे वडील पत्राच्या शेवटी काय लिहायचे? 'कळावे, लोभ असावा ही विनंती.' तो लोभ हावरट नव्हताच, तो जुना होता, बिलीव्हमधला. त्यांची पत्रं माझ्याकडे आहेत एका बिस्किटाच्या डब्यात, काढून बघितली, प्रत्येकावर आहे ते. निळ्या आंतर्देशीय पत्रावर तर जागा संपलेली असली तरी कडेला उभं लिहिलेलं, लो. अ.

हे सगळं करण्यात माझे तीन दिवस गेले आणि मिक्सर तसाच राहिला. पण माझं काहीच नाही, येरवड्याला डेक्कन कॉलेजात संस्कृतचा महाकोश चाललाय १९४८ सालापासून, पहिला भाग १९७६ साली आला, आणि अजून 'अ' अक्षर संपलेलं नाही. मला ते लोक फार जवळचे वाटतात.

तर ग्रुपवर अण्णांना शोकसंदेश टाकायचाच होता, आणि स्वतःच्या बोटाने. हेवनली अबोड नको, रेस्ट इन पीस नको, आपल्या भाषेत लिहू म्हणाले. चष्मा शोधला, पंधरा मिनिटं लागली, आणि टाकलं, 'आपले ज्येष्ठ बंधू वैकुंठवासी झाल्याचे वाचून अतिशय वाईट वाटले.' शुद्धलेखन एकदम चोख.

दोन मिनिटांत बी विंगमधून रिप्लाय आला, "काका, वैकुंठला किती वाजता? मी आत्ता डेक्कनलाच आहे, थेट पोचतो." आणि त्याखाली काकूंचा, की अहो अंत्यसंस्कार कधीच झाले, नागपूरला. तोपर्यंत ए विंगमधले दोघं निघाले होते.